पुस्तकात नसलेलं गाव

कुसुमबाईच्या हातून चूक झाली ती वाचण्याच्या नादात. उन्हाळ्याच्या दुपारी बोरीत तिच्या ओसरीवर बायका वाकळ शिवायला जमत. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून चारी कडांना बसायच्या, टाके घालायच्या, आणि सातवी पास कुसुम त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. पुस्तकं तिचे यजमान माणिकराव गुरुजी शाळेच्या कपाटातून आणून देत. ऐकणाऱ्यांत एकीलाही अक्षरओळख नव्हती, त्यामुळं कुसुम वाचेल ती पूर्व दिशा.

यंदाच्या कादंबरीतली बाई नवऱ्याचा मार खाऊन थकते, घर सोडते, आणि शेवटच्या पानावर लेखक महाशय तिला विहिरीत ढकलून मोकळे होतात. वर पुन्हा बाईमाणसानं कसं वागावं याचा उपदेश. ते पान आधी नजरेखालून घातलं तेव्हाच कुसुमचं डोकं फिरलं होतं. समोर नागनाथची बायको बायना बसलेली, दंडावर वळ, सुई हातात तशीच थांबलेली. कुसुमच्या तोंडून ती विहीर काही निघेना. मग ती बिनदिक्कत मनचंच वाचत सुटली. बाई एसटीत बसली, मानवतला उतरली, कापूस बाजाराच्या मागं, दारात कडुनिंब असलेल्या एका विधवा शिवणकामवालीकडं राहिली आणि स्वतःच्या कमाईची भाकरी खाऊ लागली.

ती शिवणकामवाली म्हणजे कुसुमची सख्खी मावशी केशरबाई. घर तिचं, दारातला कडुनिंबही तिचाच. खोटं रचायचं तर सगळंच खोटं रचावं की नाही? पण या बाईला सुचलं ते नेमकं खरं.

बायका पांगल्यावर बायना मागं रेंगाळली. "वैनी, आसं घर खरंच आसतंय का हो?"

"हाय की. माझी मावशीच हाय ती," कुसुम बोलून गेली.

त्याच आठवड्यात बायना नाहीशी झाली.

नागनाथ आधी बायनाच्या माहेरी जाऊन आला. तिथं ती नव्हती. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात एसट्या थांबल्या आणि हा गावातच अडकला. दारोदार विचारत हिंडायचा. सापडली की तंगडं मोडून घरात बसवतो, असं चारचौघांत सांगायचा. भाकरी थापताना कुसुमला त्याचाच आवाज ऐकू यायचा. कडी वाजली की ती आधी फटीतून बघायची. माणिकरावांना सांगावं तरी पंचाईत. गुरुजींनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, पण ती काही बोलू लागली की "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून पेपर उघडायचे. लग्नापासून ऐकत आलेली ती.

एसट्या सुरू झाल्या त्याच दुपारी नागनाथ दारात आला. हातात विळा, मागं त्याची आई दगडाबाई. ही म्हातारीही वाकळीला असायची, पण शेवट तिनं अर्धवट डुलकीत ऐकलेला.

"गुरुजी, तुमच्या पुस्तकानं माझी बायको बिघडली," नागनाथ म्हणाला. "आई म्हनती, त्यातली बाई एसटीनं एका गावाला जाती. गावाचं नाव हिच्या ध्यानात न्हाई, आन् बाकीच्या बाया तोंड उघडंनात. वाचून दावा मला, कोनतं गाव ते."

कुसुमनं दाराची चौकट धरली. पुस्तकात एसटीच नव्हती, विहीर होती. ती ऐकली की हा विचारणार, मग एसटी आणली कुणी? विळा आपल्यासमोर आला तर आपण गप्प राहू शकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नागनाथपेक्षाही तिला त्या घटकेला स्वतःच्या जिभेचीच भीती वाटली.

माणिकरावांनी कोनाड्यातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला, शेवटचं पान काढलं. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मग एकदा कुसुमकडं पाहिलं. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

"'ती जिंतूरच्या गाडीत बसली,'" गुरुजी वर्गातल्या आवाजात वाचू लागले. "'तेथून ती औरंगाबादेस गेली. एका गिरणीत तिला काम मिळाले.'"

कुसुमनं डोळे उघडले. गुरुजींच्या हातात पान तेच होतं, विहिरीचं.

"औरंगाबाद?" नागनाथनं आईकडं पाहिलं. "हेच गाव व्हतं का गं?"

दगडाबाई कुसुमकडं बघत राहिली. म्हातारीला नाव आठवलं होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. दगडाबाईचा हात सवयीनं कपाळावरच्या जुन्या वणाकडं गेला. तो तिच्या मेलेल्या नवऱ्यानं दिलेला होता.

"व्हय, औरंगाबादच," ती म्हणाली. "आता आठवलं बघ."

नागनाथ विळा तिथंच टाकून फाट्याकडं पळाला. दगडाबाईनं तो उचलला, पदराखाली घेतला आणि घराकडं निघाली.

कुसुम ओसरीवर बसली तेव्हा तिला रडू फुटलं. गुरुजी समोर बसले.

"तू शेवट वाचलास त्या दिवशी मी मधल्या खोलीत पडलो होतो," ते म्हणाले. "झोप लागली नव्हती."

"समदं ऐकलं तुमी?"

"सगळं. मावशीला निरोप धाडू आपण. बायनाला काही दिवस दुसरीकडं ठेवा म्हणावं."

कुसुमनं डोळे पुसले. आपण सुटलो असं तिला वाटलं, तोच ते पुन्हा बोलले.

"एक विचारू का?"

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"पुस्तकातला नवरा दारू पिऊन मारतो. तू वाचलंस त्यात, बाई निघते तेव्हा तो मारत नाही. पेपरातून मान वर न काढता म्हणतो, तुला काय कळतंय त्यातलं. ते या पुस्तकात कुठं आहे?"

वाचण्याच्या नादात ते तोंडून कसं निघून गेलं, हे तिलाही कळलं नव्हतं. आठवत न्हाई म्हणता आलं असतं.

"न्हाई पुस्तकात," कुसुम म्हणाली. "ते माझं हाय."

गुरुजींनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. भ्यालेला माणूस कसा दिसतो हे या दिवसांत कुसुमला चांगलं कळलेलं होतं.

"एसटीत बसल्यावर," त्यांनी विचारलं, "ती बाई मागं वळून बघते का?"

"ते अजून ठरलं न्हाई," कुसुम म्हणाली.