रिकामं पाकीट दाखवा

वैजीनाथ तीस वर्षांपासून वालूरच्या बाजारात औषधाचं दुकान चालवतात आणि तितकीच वर्षं गिऱ्हाइकांशी भांडतात. सगळ्या गोळ्या ते एकदम हातात देतच नाहीत. आजच्या तेवढ्या आज न्या. उद्या तारीख टाकलेलं रिकामं पाकीट दाखवा, मगच पुढच्या. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात जपून ठेवायच्या ही आपल्या माणसांची जुनी खोड, तिच्यावर त्यांनी शोधलेला हा इलाज. गाव त्यांना पाठीमागं ‘पाकीट मास्तर’ म्हणतं. म्हणू दे.

मुलगा रामप्रसाद दक्षिण सुदानमध्ये. लढाईत तिथले सरकारी दवाखाने जळाले, उरली ती बाजारातली खासगी औषधाची दुकानं. त्या दुकानदारांना शिकवायचं, त्यांच्यापर्यंत चांगली औषधं पोचवायची, हे त्याच्या संस्थेचं काम. मलेरियाच्या गोळ्या लोक अर्ध्यावर सोडतात, असं तो म्हणाला तेव्हा पाकिटाची युक्ती वैजीनाथांनीच फोनवरून सांगितली होती. चौदा दुकानांनी ती उचलली. त्या दिवशी वैजीनाथ बाजारातून छाती काढून फिरले.

सोमवारी दुपारी फोन आला.

“आप्पा, समदं गेलं. आपल्या चौदातल्या न्यानदेंगबाईचं दुकान लुटलं, गाव पळालं. साठ लेकरांच्या गोळ्या अर्ध्यावर राहिल्या. संस्था म्हनते, घरी जा.”

पोरगा येणार म्हणून वैजीनाथांना आधी आनंदच झाला. बायकोनं, गोजरबाईनं, लगेच वरची खोली झाडून घेतली. पण संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरं पाकीट दिलं असतं तर पळताना त्या आयांच्या हातात गोळ्या तरी असत्या! आपल्या शहाणपणानं साठ लेकरं उघड्यावर पडली. ताट तसंच सारून ते उठले.

गुरुवारी पुन्हा फोन.

“आप्पा, दोन दिवसांच्या वाटंवरच्या बाजारात बाया आल्यात. पदरात रिकामी पाकिटं बांधून! तिथला दुकानदार आपलाच, शिकवलेला. तारखा बघून त्यानं कुनाला पुढच्या दिल्या, कुनाला पयल्यापासून. एकेचाळीस लेकरं झाली.”

“आन् बाकीची?”

“शोधायलोत.”

वैजीनाथांनी डोळे पुसले. “गड्या, चुकलंच माझं. जिथं गोळीबार हाय तिथं आता पुरं पाकीट द्या. पन रिकामं मागायचं सोडू नगा.”

“सांगतो. मी यायलोय की आता.”

वैजीनाथांनी बोटांवर हिशेब केला. “एकोनीस लेकरं बाकी हायती,” ते म्हणाले. “तू थांब.”

फोन ठेवून वळले तर गोजरबाई दारातच उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही आपल्याला फाडून खाणार, या तयारीनं ते उभे राहिले.

“त्या एकोनीस लेकरांचं कळलं,” ती म्हणाली, “की मला आधी सांगा.”