नाकाखालची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. खोटी आहे, पण जुनी मात्र अगदी खरी. माझा डावा कोपरा विरळ झालाय आणि मधोमध एक टाका आहे. हसू नका. म्हणजे हसा, माझं कामच ते आहे, पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म केसांचे टोप बनवणाऱ्या एका बाईच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. शेजारच्या न्हाव्याकडून ती कापलेले केस आणायची, धुवायची, विंचरायची आणि बारीक जाळीवर आकडीने एकेक केस गाठ मारून बसवायची. माझ्यात निदान पाच जणांचे केस आहेत. त्यातला एक पोस्टमन होता आणि एक गणिताचा मास्तर. बाकीच्यांशी माझी ओळख झाली नाही.

मला विकत घेतलं एका बाईने.

"नवऱ्यासाठी का?" टोपवालीने विचारलं.

"छे, मलाच." बाईने मला नाकाखाली धरलं आणि दारातून चाललेल्या एका माणसाला जाड आवाजात स्टेशनचा रस्ता विचारला. तो म्हणाला, "सरळ जा साहेब, मग डावीकडे." झालं, तिथेच आमचं जमलं.

ही बाई म्हणजे आत्या. सगळं घर तिला आत्या म्हणतं, मीही तेच म्हणते. तिचा धंदा मोठा मजेशीर. लग्नात नवरा-नवरी फोटो काढत बसतात आणि पाहुणे हातात पेला धरून भिंतीला टेकतात ना, तिथे आत्या नकली वेटर बनून जायची. अंगात काळा कोट, हातात ट्रे आणि नाकाखाली मी. कुणाला रिकामा पेला देऊन विचारायचं, "साखर बरोबर आहे ना?" कुणाला "ही खुर्ची राखीव आहे" म्हणून उठवायचं, आणि तो उठला की स्वतःच बसायचं. कुणाचा चष्मा ट्रेमध्ये ठेवून "हा कोणी मागवला होता?" करत हॉलभर फिरायचं. माणसं आधी चिडायची, मग कुजबुजायची, मग हसायची. तासापूर्वी एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं एकमेकांना टाळ्या द्यायची. आत्या म्हणायची, "भुकेला पाहुणा थांबतो. कंटाळलेला पाहुणा चपला शोधतो."

हाल काही कमी झाले नाहीत माझे. दोनदा सरबतात पडले. एकदा जमिनीवर पडले तर एका आजींनी सुरवंट समजून चपलेने ठेचलं. मधला टाका त्याचाच. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नाकाखाली हजर. खाडा नाही.

मग आत्याच्या धाकट्या भावाने एक दिवस चहा पिता पिता म्हटलं, "ताई, पोरगी आता लग्नाची झाली. उद्या तिच्या सासरच्यांनी मिशी लावलेली आत्या बघितली तर काय म्हणतील? बास कर आता हे सोंग."

आत्या एरवी हजरजबाबी बाई, पण त्या दिवशी ती सरळ उठली. तिने मला ड्रॉवरमध्ये टाकलं. पाठीवरचा डिंकसुद्धा पुसला नाही. तिथे तीन वर्षं मी तुटकी बटणं आणि संपलेले सेल यांच्या शेजारी पडून होते. सेल फार रडके असतात मित्रांनो. दिवसभर आपलं "आमच्यात आता दम नाही, आमच्यात आता दम नाही."

भाचीचं लग्न ठरलं. सकाळी कचेरीत सह्या आणि दुपारी तीनला हॉलमध्ये खाणंपिणं, असा साधा बेत. पण आदल्या दिवशीच भाऊ माळ्यावरचं सामान काढताना स्टुलावरून पडला. पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम हॉस्पिटलात. सह्यांना त्याला येता आलं नाही. भाची म्हणाली, "बाबांना घेऊनच हॉलवर येईन." आणि नवऱ्यासोबत हॉस्पिटलात जायच्या आधी तिने ड्रॉवर उघडला आणि मला आत्याच्या पर्समध्ये सरकवलं. "असू दे गं," म्हणाली, "वेळ काय सांगून येते?"

वेळ आलीच. साडेतीनला तिचा फोन. "आत्या, डॉक्टरांची सही राहिलीय. साडेचार तरी होतील. बाबा सारखे म्हणतायत, माझ्या पायापायी पोरीचा हॉल रिकामा होणार. तू थांबवून धर सगळ्यांना."

आणि हॉल रिकामा व्हायची वेळ खरंच आली होती. मुलाकडची चाळीस माणसं एका बसने आली होती, आणि त्या बसचे मालक असल्यासारखे वागत होते मुलाचे काका. हे काका रिटायर झालेले तिकीट तपासनीस. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "गाडी चारला सुटणार. चार म्हणजे चार." काका उठले की चाळीस उठणार, हे उघड होतं.

आत्या बाथरूममध्ये शिरली. डिंकाची बाटली नव्हती. तिने माझ्या पाठीवरच्या जुन्याच डिंकाला गरम पाण्याचं बोट लावलं आणि मला दाबून धरलं. कशीबशी चिकटले. हॉलच्या हेड वेटरने आपला जादा कोट दिला. त्याला स्वतःला भरघोस मिशी होती, खरीखुरी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बारीक झालीय हो तुमची." मी मनाशी एवढंच ठरवलं, साडेचारपर्यंत सुटायचं नाही. पोस्टमनचे केस आहेत अंगात, काम पोचवायचं म्हणजे पोचवायचं.

नवरीकडच्या माणसांनी आत्याला ओळखलं आणि गुपचूप पेल्यात तोंडं घातली. मुलाकडच्यांना पत्ताच नव्हता. रिकामा पेला झाला, राखीव खुर्ची झाली, चष्मा झाला. हॉल खुलायला लागला. पण काका मुळात संशयी माणूस. चारला दहा कमी असताना ते कडाडले, "यातला एक वेटर नकली आहे. चाळीस वर्षं बिनतिकीट लोक पकडलेत मी. खोटा माणूस मला वासावर कळतो." आणि तरातरा जाऊन त्यांनी मिशी धरून ओढली. कुणाची? हेड वेटरची.

हेड वेटरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "साहेब," तो म्हणाला, "ही माझी आहे. पंचवीस वर्षं सांभाळलीय."

सगळा हॉल हसला. काका सोडून. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी छत्री उचलली. "चला रे सगळे. गाडी काढायला सांगा." आणि खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज आले.

आत्या पुढे झाली. ट्रे छातीशी धरून अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली, "निघालात साहेब? बरं झालं. आत सगळे म्हणतच होते, तपासनीस साहेबांना नाही सापडायचा."

काका थांबले. "कोण म्हणत होतं?"

"मी नाही हो. मी फक्त मान हलवली."

छत्री पुन्हा खुर्चीला लटकली. बाहेर बसचा हॉर्न वाजला, दोनदा, तीनदा. मग ड्रायव्हरच आत आला. "साहेब, चार वाजले."

"तू पण उभा राहा रांगेत," काका म्हणाले. "तुझ्यावरही माझा संशय आहे."

आता नकली माणूस सापडेना आणि काकांना हॉल सोडता येईना. त्यांनी सात वेटर आणि एक ड्रायव्हर भिंतीशी उभे केले. एकेकाचे हात बघितले, बूट बघितले, ट्रे धरायची पद्धत बघितली. मिशीला मात्र पुन्हा हात लावायची त्यांची छाती झाली नाही. मागून त्यांची माणसं खुर्च्यांवर चढून सल्ले देत होती. "काका, त्याचं नाक बघा. काका, ड्रायव्हर फार गप्प आहे." गप्प कसला, तो बिचारा शेंगदाणे खात होता.

हॉलमध्ये उकडत होतं. आत्याला घाम फुटला आणि माझा डावा कोपरा सुटला. मित्रांनो, उजव्या बाजूच्या चार केसांवर मी जीव धरला. गणिताच्या मास्तरचे असावेत, चिवट होते. काका आत्यासमोर आले. इतके जवळ, की त्यांच्या चष्म्यात मला मी दिसले.

"किती वर्षं करतोस हे काम?"

"आज पहिलाच दिवस, साहेब. शेवटचाही असेल."

काकांनी मान हलवली. "हा नाही. इतका बावळटपणा शिकवून येत नाही."

पाच वाजायला वीस मिनिटं असताना दार उघडलं. भाची आणि तिचा नवरा, मध्ये चाकांच्या खुर्चीत भाऊ, पाय समोर ताठ. त्याने आधी मान खालीच घातली होती. मग त्याला कलकलाट ऐकू आला. वर बघतो तर हॉल भरलेला, माणसं खुर्च्यांवर चढलेली, कुणीच चपला शोधत नाही.

काका धावले. "आलात, फार बरं झालं. आता तुम्हीच सांगा, यातला नकली कोण?"

भावाने रांगेवरून नजर फिरवली. ती आत्यावर येऊन थांबली. मी लोंबकळत होते. आत्याने डोळे मिटून घेतले.

"वेटर," भाऊ म्हणाला, "जरा पाणी."

आत्या पेला घेऊन वाकली. पेला घेता घेता भावाने अंगठा वर केला, माझ्या सुटलेल्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला. बराच वेळ दाबून धरला.

"हा नाही," तो काकांना म्हणाला. "हा आमच्या घरचा माणूस आहे."

"मग ड्रायव्हरच," काका म्हणाले, आणि तिकडे वळले.

बस सहाला सुटली. काकांचा अजून ड्रायव्हरवरच संशय आहे.

आता मी डबीत राहते, पाठ स्वच्छ पुसलेली, आणि कामावर जाते. तेव्हा मित्रांनो, एवढं करा. वस्तू वापरून झाली की पुसून ठेवा, नुसती ड्रॉवरमध्ये फेकू नका. घरात कुणी हसवणारं असेल तर पाहुणे आले म्हणून त्याला आत पाठवू नका. आणि चारचौघांत त्याची मिशी सुटायला लागली, तर ओढू नका. दाबून धरा.