कानामागची खोक

नागसेनचा अर्धपुतळा मातीत तयार झाला, धातूत ओतायच्या आधी आईने एकदा पाहून घ्यावा, असा निरोप खामगावचे मूर्तिकार कचरूभाऊ यांनी धाडला. झालं! देऊळघाटची अर्धी पंचायत केसरबाईंच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली. ज्या माईचं पोरगं, तिला जागा मिळाली मागच्या बाकावर. काय म्हणावं या माणसांना?

सव्वीस वर्षांचं पोर. शांतिसेनेत आफ्रिकेला गेलं आणि तिथल्या चकमकीत गोळी लागून गेलं. पेटी आली ती सीलबंद. केसरबाई हातापाया पडल्या, पण कोणी उघडू दिली नाही. लेकाचं तोंड शेवटचं पाहायचं राहिलं ते राहिलंच. आता निदान या पुतळ्यात तरी तो दिसेल, एवढ्या आशेवर बाईने वर्ष काढलं होतं.

चौरंगावरचा पुतळा पाहून पंचायतीने माना डोलावल्या. मिशी, टोपी, छातीवरची पट्टी, सगळं जागच्या जागी. केसरबाई मात्र मागच्या बाजूला गेल्या. चार वर्षांचा असताना उंबऱ्यावर आपटून नागसेनच्या कानामागे खोक पडली होती, करंगळीच्या पेराएवढी. तिची खूण कुठेच नव्हती.

सरपंच म्हणाले, कानामागे कोण पाहते? फोटोत ते दिसत नाही, लोकांना ठाऊक नाही, कशाला उगाच त्या माणसाचं काम वाढवता.

"मी पाहीन," केसरबाई म्हणाल्या. "खोक नसली त थो माहा नाही."

कचरूभाऊ भला माणूस. त्याने कोरणी उचलली. "कोन्त्या कानामागं, माय?"

ज्या डोक्याला दर रविवारी तेल चोळलं, त्याचा कोणता कान, ते केसरबाईंना आठवेना! त्या पुतळ्यामागे स्टुलावर टेकल्या, तेल लावायला बसायच्या तशाच. गार, ओल्या मातीवर दोन्ही हात ठेवले. बोटं उजव्या कानामागे गेली, थबकली, मग डाव्या. हातांनाही काही सांगता येईना. आपल्याच पोराला आपण विसरलो, या विचाराने बाई ढसाढसा रडली. सरपंच खाली पाहू लागले.

कचरूभाऊ कोरणी धरून थांबला होता.

"दोन्हीकडं काढ बापा," डोळे पुसत केसरबाई म्हणाल्या. "एक त त्याची राहीन."