लाल दिवा लागला की वाजवा

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल, आणि पाहिलं असेल तर कसला तरी चार्जर समजून बाजूला सारलं असेल. मी एक जुना ऑडिओ इंटरफेस आहे. नाव भारदस्त, काम साधं. गिटारची वायर माझ्या पुढच्या भोकात खुपसायची, मागची वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि वाजवायचं. गिटारचा आवाज मी कॉम्प्युटरला कळेल असा करून देतो. मला पुढे दोन भोकं, आवाज कमीजास्त करायचे दोन नॉब आणि दोन बारीक दिवे आहेत. आवाज नीट येत असेल तर दिवा हिरवा. आवाज मला सोसेनासा झाला, फाटू लागला, की दिवा लाल. बस्स, एवढीच माझी भाषा. आणि एवढीसुद्धा ज्या घरात कोणाला कळली नाही, त्या घरात माझं आयुष्य गेलं. मग मी गोड कुठून बोलू?

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझे नॉब बसवले. ते घट्ट बसले की नाही हे ती दर वेळी अंगठ्याने दाबून बघायची. शेवटी एका तपासनिसाने माझ्यातून एक सूर पाठवला, हिरवा दिवा पाहिला आणि म्हणाला, "झकास!" मित्रांनो, माझं कौतुक झालं ते तेवढंच. तेव्हा मला वाटलं होतं, ही तर सुरुवात आहे.

मग मी वाद्यांच्या दुकानात आलो. माझ्या वरच्या फळीवर मोठी धेंडं होती. कोणाला आठ भोकं, कोणाला सोळा, आणि नॉब तर इतके की मोजणाऱ्याला घेरी यावी. गिऱ्हाईक यायचं, त्यांच्याकडे आ वासून बघायचं, आणि माझ्यावर नजर पडली की म्हणायचं, "हे काय, एवढंसंच?"

एक दिवस एक गृहस्थ आले. दातांच्या कवळ्या बनवणारे कारागीर. सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. त्यांच्या नखांत प्लास्टरची पांढरी भुकटी होती. सोबत त्यांचा मेव्हणा होता. त्याला मी मामासाहेब म्हणतो, कारण घरातल्या मुलीचा तो मामा आणि जगातल्या प्रत्येक विषयातला साहेब.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "किती जण वाजवणार?"

"मी एकटाच," कवळीवाले म्हणाले. "एक गिटार. गाणंबिणं नाही. एकच धून आहे, तेवढी रेकॉर्ड करायची."

"मग हाच घ्या," असं म्हणून बाईंनी मला खाली काढलं. "एकट्या गिटारला हा पुरून उरेल. उगाच मोठ्याच्या नादी लागू नका, वायरी जोडण्यातच दिवस जातील. आणि एक लक्षात ठेवा, हा जो दिवा आहे ना…"

"अहो, दिवे आम्हाला शिकवू नका," मामासाहेब म्हणाले. "कॅसेटच्या जमान्यापासून रेकॉर्डिंग करतोय आम्ही."

बाईंनी मला खोक्यात घातलं आणि बिल फाडलं. मित्रांनो, तिथे त्यांनी दोन वाक्यं पुरी केली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शहाण्यांपुढे कोण बोलणार?

आता ती धून कसली, ते सांगतो. कवळीवाल्यांची मुलगी लहान असताना लवकर झोपायची नाही. तेव्हा तिच्या उशाशी बसून ते गिटारवर एक धून वाजवायचे. त्यांनीच रचलेली. तिला नाव नव्हतं, शब्द नव्हते. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली, आणि आता तिला बाळ होणार होतं. ती फोनवर म्हणाली, "बाबा, माझी झोपेची धून पाठवा ना. बाळाला तीच ऐकवणार मी."

पण कवळीवाल्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळहाताकडे वळत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करता येईल, पण बोटं पूर्वीसारखी चालतील असं वचन देत नाही. त्यामुळे बोटं चालताहेत तोवर धून माझ्यामार्फत कॉम्प्युटरात उतरवायची, अशी त्यांची धडपड होती. घरी आल्यावर त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

मामासाहेबांनी खोका उघडला. माहितीचा कागद खोक्यासकट कचऱ्यात टाकला. वायरी जोडल्या, कॉम्प्युटर चालू करून दिला आणि छाती फुगवून म्हणाले, "हे बघा भाऊजी, सोपं आहे. आपल्या जुन्या कॅसेट रेकॉर्डरला रेकॉर्डिंग सुरू झालं की लाल दिवा लागायचा, आठवतं? इथेही तसंच. लाल दिवा लागला की वाजवा. हिरवा असेल तर समजायचं, अजून झोपलाय."

अरे देवा! मी आणि झोपलेला!

कवळीवाले सरळ माणूस. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू करून त्यांनी पहिली ओळ वाजवली. मी हिरवा. आहाहा, काय स्वच्छ आवाज येत होता! त्यांनी नॉब थोडा फिरवला, पुन्हा पहिली ओळ वाजवली. मी हिरवाच. "लागेना की रे," ते पुटपुटले आणि नॉब आणखी पिळला. असं करत करत मला लालबुंद केलं, तेव्हा कुठे समाधानाने मान हलवून त्यांनी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मी बोंबलत होतो, अहो, फाटतंय, सगळं फाटतंय, कमी करा! आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. त्यांना वाटलं, गडी कामाला लागला.

ऐकून बघितलं तर सगळी तडतड. तापलेल्या तेलात पाणी पडावं तशी. ते हिरमुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. कवळ्यांच्या कारखान्यातली त्यांची एक शिस्त होती, काम संपलं की प्रत्येक यंत्राचा नॉब शून्यावर आणायचा. मलाही ते रोज शून्यावर आणून झोपवायचे. त्यामुळे रोज तीच कहाणी. पहिली ओळ हिरव्यात, स्वच्छ, कारण शून्यावरही गिटार मला नीट ऐकू येते. मग पिळापिळी. मग बाकी सगळी धून लाल, फाटकी. वळलेली बोटं रोज थोडी जास्त दुखायची. तारेवरून घसरली की ते थांबायचे, हात मांडीवर चोळायचे आणि पुन्हा सुरू करायचे.

एक रेकॉर्डिंग त्यांनी मुलीला पाठवलं. तिचा फोन आला, "छान आहे बाबा." बापाला पोरीचा आवाज कळत नाही होय? फोन ठेवून ते पुन्हा गिटार घेऊन बसले.

"ठोकळाच हलका आहे," मामासाहेबांनी निकाल दिला. "मी तेव्हाच म्हणत होतो, मोठा घ्या." नाचता येईना अंगण वाकडं! आणि अंगण कोण, तर मी.

मग मोठा आला. आठ भोकांचा. त्याच्यासाठी वेगळं टेबल, वेगळ्या वायरी, वेगळा प्लग. कधी तो कॉम्प्युटरला दिसायचा नाही, कधी कॉम्प्युटर त्याला दिसायचा नाही. मामासाहेब दर सुट्टीला येऊन त्याच्या पोटात डोकं घालून बसायचे आणि चहा मागवायचे. "आज होतंय भाऊजी, आज होतंयच." कवळीवाले गिटार मांडीवर घेऊन वाट बघायचे. मी कपाटाच्या वरून ते सारं बघायचो. पुढे ते नवं टेबल डगमगू लागलं, तेव्हा कवळीवाल्यांच्या पत्नींनी मला खाली काढलं आणि त्याच्या पायाखाली सारलं. "चला, या कामाला तरी आला," त्या म्हणाल्या. म्हणजे ज्याने माझी जागा घेतली, त्याचाच भार माझ्या पाठीवर. याहून मोठा अपमान तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.

शेवटी एकदाचा तो मोठा बोलू लागला. मामासाहेबांनी टाळी वाजवली, "घ्या भाऊजी, हाणा आता!" कवळीवाल्यांनी डावा हात तारांवर ठेवला. दोन बोटं तळहाताला चिकटून राहिली. त्यांनी उजव्या हाताने ती उघडून बघितली. सोडली की परत मिटली. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! पुढे ऑपरेशनही झालं. चमचा धरण्याइतकी बोटं उघडली. तारा दाबण्याइतकी नाही.

मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली. मला टेबलाखाली बघून तिने कपाळाला हात लावला. "अगं आई, हा चांगला इंटरफेस आहे! माझ्या मैत्रिणीकडे असाच आहे."

"बिघडलेला आहे तो," मामासाहेब म्हणाले.

तिने मला पुसलं, जोडलं, गिटार घेऊन दोन तारा छेडल्या. मी हिरवा झालो. कवळीवाले घाईने पुढे आले. "अगं थांब, अजून फिरव. लाल लागू दे, मग वाजव."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, लाल म्हणजे आवाज फाटतोय. लाल होऊ द्यायचाच नसतो. तुम्ही लाल लावून वाजवत होता?"

मामासाहेबांना एकाएकी चहा थंड झाल्याचं आठवलं आणि ते स्वयंपाकघरात गेले. कवळीवाले खाली बसले. मला वाटलं ते चिडतील, भांडतील. त्यांनी फक्त माझ्या दिव्यावर बोट ठेवलं.

मुलीने मग जुनी सगळी रेकॉर्डिंग्ज काढून ऐकली. प्रत्येकात पहिली ओळ स्वच्छ होती. मांडीवरचं बाळ हात हलवायचं थांबून ऐकू लागलं. ओळ संपली आणि तडतड सुरू झाली, तसं ते दचकून रडलं. तिने घाईने बंद केलं.

"बाबा, पुढची मी वाजवते. दाखवा, पुढे कशी आहे? शेवट कसा होता?"

"तुला ठाऊक नाही? रोज ऐकायचीस की."

"शेवट मी कधी ऐकलाच नाही बाबा. तोवर मला झोप लागायची."

त्यांनी गुणगुणून बघितलं. सूर हलला, तुटला. पुन्हा बघितलं. मग मान हलवली. ती धून त्यांच्या गळ्यात कधी नव्हतीच, बोटांत होती. आणि बोटं मिटली होती. फाटक्या तडतडीत कान लावून मुलीने खूप शोधलं. शेवट तिला काही सापडला नाही.

आता मी टेबलावर आहे, टेबलाखाली नाही. बाळाला रोज ती पहिली ओळ ऐकवतात, आणि ते झोपतं. मामासाहेब अजूनही पाहुण्यांना सांगतात, "ठोकळा हलका निघाला."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू आली तर तिचा कागद टाकण्याआधी वाचा. वाचायचा कंटाळा असेल तर निदान दुकानदाराला बोलणं पुरं करू द्या. मला पुसू नका, जपू नका, चालेल मला. पण तुमच्या उशाशी बसून कोणी वाजवत असेल, तर एक दिवस तरी शेवटपर्यंत जागे राहा.