हेडबाई आणि बिनकामाचे पाहुणे

हेडबाईंच्या खुर्चीवर कुणाचा तरी डोळा होता, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला मागच्या बाकावर काय शिजतंय ते पाठमोरं उभं राहूनही कळतं. निवृत्त झाल्यावर त्या सेवा मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या साली नवरा गेला, मुलगी परदेशात. उरलं होतं ते मंडळ. तेही काढून घेतलं तर सकाळी उठून करायचं काय? आणि रविवारी नवी निवड होती.

संशय आला तो पाहुण्यांमुळे. हल्ली मंडळातलं कुणी ना कुणी एक दिवसाआड घरी टपकायचं. सोमवारी नर्स आली, म्हणे सभेची वेळ विचारायला. अगं बाई, नऊ वर्षं सभा सहालाच आहे की! बुधवारी वायरमन आला आणि चांगला गरगर फिरणारा पंखा तपासून गेला. उपाध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, तर मागच्या शुक्रवारी तासभर बसला आणि कामाचं एक अक्षर बोलला नाही. ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं सगळी! वर प्रत्येकाचं एकच पालुपद: बाई, दमत नाही ना, झोप लागते ना, जेवता ना वेळेवर. बाई थकल्या, आता उतरवा त्यांना, असं सभेत म्हणायचं तर आधी पुरावा नको का गोळा करायला? बाईंनीही मग गुडघा ठणकत असताना नर्ससमोर दोनदा जिना चढून उतरून दाखवला. ती गेल्यावर तासभर पाय शेकत बसल्या, ते सोडा.

शुक्रवारी सकाळी त्या गोळ्या आणायला औषधवाल्याकडे गेल्या. तो आणि वायरमन डोक्याला डोकं लावून भेटींच्या रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. एकट्या राहणाऱ्या माणसांकडे मंडळातलं कोण कधी जाणार, याची नोंद त्यात असायची. तेवढं एक काम औषधवाला सांभाळायचा. बाईंना पाहताच रजिस्टर मिटलं आणि वायरमन गडबडीने सटकला.

पाणी मुरतंय ते इथेच, बाईंनी ओळखलं. कोण कोणाच्या बाजूने, त्याची यादी असणार. औषधवाला गोळ्या काढायला आत वळला आणि बाईंनी काउंटरवरचं रजिस्टर सरळ ओढून उघडलं. शाळेत असा चोरटेपणा करणाऱ्याला त्यांनी तासभर उभं केलं असतं.

आत बारा नावं होती. अकरावं त्यांचं. पत्ता त्यांचा, मजला त्यांचा. पुढे सोमवार नर्स, बुधवार वायरमन, शुक्रवार औषधवाला. शेऱ्यात लिहिलं होतं, 'काहीतरी निमित्त काढून जावं. बाईंना कळू देऊ नये.'

औषधवाला गोळ्या घेऊन आला आणि जागच्या जागी थिजला.

"कुणाला विचारून लिहिलंस हे?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलं, बाई. तुम्ही नसताना एक सभा घेतली."

म्हणजे गुपचूप सभा झाली होती, इथवर बाईंचा संशय शंभर टक्के खरा. खुर्चीचं काय ठरवलंत, हेही त्यांनी विचारून टाकलं. ती कोण घेतंय, तो म्हणाला. नर्सला सहज विचारलं तर तिने कोपरापासून हात जोडले.

बाईंना हसू आलं नाही. उलट कानशिलं तापली. अख्ख्या वस्तीत माणसं पाठवणारी बाई, आणि तिच्याच दारी दया दाखवायला माणसं! नाव खोड म्हणून त्या कडाडल्या. औषधवाल्याने पेन पुढे केलं. नाव खोडायचं तर अध्यक्षांनी आपल्या हाताने कारण लिहून सही करायची, आणि कारणं तीनच चालतात: माणूस वारला, दुसरीकडे राहायला गेला, किंवा सोबतीला कुणी आलं. नियम बाईंनीच घातलेला.

बाई पेन धरून उभ्या राहिल्या. वारल्या नव्हत्या, कुठे गेल्या नव्हत्या, आणि सोबतीला कुणी आलं नव्हतं. नऊ वर्षांत त्यांनी खोट्यावर सही केली नव्हती. शेवटी पेन खाली ठेवलं.

"आज किती वाजता येणार होतास?"

"पाचला."

"निमित्त शोधत बसू नकोस," बाई म्हणाल्या. "नुसता ये."