नऊ नंबरचं ताट

"ताट रोज रिकामं, आणि अंगी कणभर लागत नाही! जातंय कुठे सगळं?" आहारतज्ज्ञ बाईंनी नऊ नंबरच्या खाटेचा कागद मावशीसमोर धरला. आठवड्यात तीन किलो घट.

मावशी, म्हणजे वॉर्डात जेवणाची गाडी फिरवणारी बाई, गाडीवरची ताटं रचत राहिली. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. घरी बोलायला कुणी नसलं की माणूस कामावरच बोलून घेतं.

नवा नियम मोठा शहाणा होता. परत आलेलं ताट वजनकाट्यावर ठेवायचं. सलग तीनदा अन्न उरलं की त्या रुग्णाचं जेवण अर्धं. नासाडी टळते म्हणे. अन्न का उरलं, हे काही काटा सांगत नाही.

नऊ नंबरवर घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. उभा जन्म केसाएवढे स्क्रू बसवले, आणि आता चमचा तोंडाशी येईतो सांडायचा. "भूक नाही," म्हणून ते ताट सारत. मावशीने एकदा सांडताना पाहिलं, तेव्हा म्हणाले, "कुणाला सांगू नका हो. हसं होईल."

भरवायची तिला परवानगी नव्हती. सव्वीस खाटा, वेळ अर्धा तास. मग ती काट्यावर ठेवण्याआधीच त्यांचं अन्न बादलीत ओतू लागली. निदान ताट तरी पूर्ण येत राहील, एवढाच भाबडा विचार.

"उद्या पोटाची तपासणी करू," बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या. "आजपासून उपाशी ठेवा."

मावशीने गाडीचा दांडा सोडला. "ते जेवतच नाहीत, बाई. हात थरथरतात त्यांचे. अन्न मी टाकत होते."

"तुम्ही?"

"तुम्ही अर्धं केलं असतं ना!"

बाईंनी तपासणीवर काट मारून लिहिलं, 'भरवावे.'

"उद्यापासून तुम्ही खाली, भांडी घासायला. माझा इलाज नाही. आज दुपारचं तेवढं तुम्हीच भरवा."

मावशीने स्टूल ओढलं तसं काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "सांगितलंत ना?"

"सांगितलं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती चमचा धरून बसून राहिली. भात निवत चालला. शेवटी काका वळले, डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं. एक घास, मग दुसरा. चौथ्या घासाला त्यांनी डोळे उघडले.

"तुम्ही जेवलात?"

नवरा गेल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"जेवले हो," ती खोटंच म्हणाली, आणि तिने पुढचा चमचा भरला.