नवी पुतळी आल्यावर

मित्रांनो, मला हात नाहीत आणि पायही नाहीत. डोकं आणि छाती एवढाच मी. बारामतीच्या एका मदत संस्थेचा मी जुना रबरी पुतळा. माणूस कोसळून त्याचा श्वास थांबला तर छाती कशी दाबायची, हे स्वयंसेवक माझ्यावर शिकतात.

बारा वर्षं मी एकटाच होतो. भिगवणचे मासेवाले, लोणी देवकरचे कामगार, सगळे माझ्यावरच शिकले. माझी स्प्रिंग आता कुरकुरते. तरी शिकवणाऱ्या संजीवनीताई म्हणायच्या, "हे आमचे जुने गुरुजी." मला ते फार आवडायचं.

यंदा नवी पुतळी आली. तिला केस आहेत, अंगात ब्लाऊज आहे. नीट दाबलं की तिच्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो. ताई तिला मऊ फडक्यानं पुसतात. मला शेवटचं कधी पुसलं ते आठवत नाही. मी तिच्यावर जळू लागलो.

पळसदेवच्या शिबिरात आम्हाला शेजारी ठेवलं. पाहतो तर सगळे पुरुष माझ्यापुढेच बसलेले. मी खूश.

"सोपानराव, तिकडे जा की, मोकळं आहे," ताई म्हणाल्या.

"न्हाय ताई, हितंच बरं हाय."

"का वं, चावती का ती?" शिकायला आलेल्या चंद्राबाईनं विचारलं. सगळे हसले.

सोपान तिकडे गेला. तापल्या तव्याला बोट लावावं तसं त्यानं दाबलं. दिवा लागला नाही. बरं झालं, मी मनात म्हटलं.

मग माझ्यापुढच्या रांगेतले दत्तोबातात्या उठले. पुतळीशेजारी गुडघे टेकून त्यांनी दोन्ही तळहातांनी जोर लावला. दिवा लागला. दाबता दाबताच ते बोलले.

"आमची द्वारका कांद्याच्या चाळीत कोसळली, श्वासच थांबला. आमी चार गडी हुतो. मी ह्या जुन्या पुतळ्यावर शिकल्यालो. पर लोकांदेखत बाईच्या छातीला हात कसा लावायचा, म्हणून बायकांना हाका मारीत बसलो. मी तिचा नवरा, मीबी लाजलो. बायका आल्या तवर ती गेली हुती."

सोपान परत पुतळीपाशी जाऊन बसला. त्याच्यामागे सगळी रांग तिकडे सरकली.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला अजून तिचा हेवा वाटतो. पण तुम्ही शिकायला आलात तर आधी तिच्याकडे बसा. लोक बघत असताना दाबा. दिवा लागल्याशिवाय उठू नका.

माझ्याकडे नाही आलात तरी चालेल.